ब्रेडेंटनमधला आठवडा : एका पिचरच्या मागावर

मायनर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, सोमवार सुट्टीचा. 2021 च्या फेररचनेनंतर मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सलग सहा सामने आणि सोमवारी प्रवास, असं वेळापत्रक झालं. पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, बघायला जाणाऱ्यांच्या हे पथ्यावरच पडलं. सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारण आठवड्यातून एकदाच माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, येतो. त्यामुळे मंगळवार ते रविवार एकाच गावात तळ ठोकला की त्याचा सामनाही बघून होतो आणि सामन्यानंतरच्या दिवसांत तो काय करतो तेही दिसतं.

ब्रेडेंटन हे फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव. इथला मरॉडर्स संघ पिट्सबर्ग पायरेट्सच्या शिडीवरची सिंगल-ए पायरी. वर ग्रीन्सबरो, मग अल्टूना, मग इंडियानापोलिस आणि शेवटी पिट्सबर्ग, म्हणजे मेजर लीग. ज्याच्यासाठी ही फेरी केली तो वीस वर्षांचा उजव्या हाताचा पोरगा. नाव लिहीत नाही. या वयात एका आठवड्यावरून कुणाच्या नावापुढे शेरा मारणं बरं नव्हे.

फ्लोरिडा स्टेट लीगमधला चेंडूगणिक डेटा 'बेसबॉल सॅव्हंट'वर सगळ्यांना खुला आहे. वेग, फिरक, चेंडू किती इंच वळला, हातातून कुठे सुटला, सगळं घरबसल्या मिळतं. मग जायचं कशाला? तर दोन चेंडूंच्या मधे पिचर काय करतो, हे त्या तक्त्यात नसतं. बघायला जायचं ते तेवढ्यासाठी.

मंगळवार : पाऊस

जूनमध्ये फ्लोरिडात दुपारी चारच्या सुमाराला ढग जमतात आणि मग गडगडाट सुरू होतो. सामना साडेसहाचा होता आणि सव्वापाचलाच माळीमंडळींनी ताडपत्री ओढली. वीज जवळपास चमकली की खेळाडूंना मैदान सोडावं लागतं आणि प्रत्येक नव्या चमकेनंतर प्रतीक्षेचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. आठ वाजता सामना रद्द झाला.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. रद्द होण्याआधी पिचरने बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या कोपऱ्यात, हात गरम केला होता का? सामन्याआधी तो पंचवीस-तीस चेंडू टाकतो, त्यातले शेवटचे जवळजवळ पूर्ण जोराने. तेवढं झालं असेल तर दुसऱ्या दिवशी त्याला लगेच उतरवत नाहीत, दोन-तीन दिवस पुढे ढकलतात. आपल्या पोराने तोवर चेंडूला हातही लावला नव्हता. म्हणजे बुधवारी तोच येणार, हा अंदाज बांधता आला आणि तो खरा ठरला. वेबसाइटवर 'संभाव्य पिचर' म्हणून दिलेली नावं पावसाळ्यात फारशी मनावर घेऊ नयेत.

मैदानाविषयी थोडं. लेकॉम पार्क 1923 चं. पायरेट्स 1969 पासून वसंतातला सराव इथेच करतात आणि दिवे लागले ते थेट 2008 मध्ये. छपराखालच्या जुन्या स्टँडमध्ये पावसात बसायला मजा येते. एका म्हाताऱ्या दारवानाने तिकीट दुसऱ्या दिवशी बदलून मिळेल याची खात्री दिली आणि वर "उद्या चारला या, दोन सामने होतील," असंही सांगून टाकलं. क्लबच्या अधिकृत घोषणेच्या आधी.

बुधवार : सात-सात डावांची जोडी

मायनर लीगमध्ये एका दिवशी दोन सामने असले की प्रत्येक सामना नऊऐवजी सात डावांचा. पिचरच्या दृष्टीने याचा अर्थ असा की बुलपेन, म्हणजे तिथे बसलेले राखीव पिचर, वाचवण्यासाठी त्याला थोडं ताणलं जातं. या पातळीवर 75-85 चेंडू ही नेहमीची मर्यादा असते.

आधी बसायचं कुठे ते ठरवावं. रडार गन वापरायची तर थेट होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे. बाजूला सरकलं की गन वेगाचा तेवढाच भाग मोजते जो तिच्या दिशेने येतो. 10 अंश बाजूला बसलात तर ताशी 95 मैलांचा चेंडू साडेत्र्याण्णव दिसतो, 20 अंशांवर 89. दुसरी चूक म्हणजे उशिरा पकडलेला आकडा. हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत चेंडू आठ-नऊ मैल वेग गमावतो, त्यामुळे ट्रिगर हात मागे जातानाच दाबून ठेवायचा. छपराखाली डोक्यावर पंखा फिरत असेल तर कधीकधी गन पंख्याच्याच पात्यांचा वेग दाखवते. सगळे आकडे संशयास्पद रीतीने सारखे यायला लागले की आधी वर बघा.

मोबाइलवर चित्रण करणार असाल तर सेकंदाला 240 फ्रेम ठेवा आणि लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा, नाहीतर फोकस जाळीवरच बसतो. उजव्या पिचरची छाती तिसऱ्या बेसकडे वळलेली असते, म्हणून त्याचे हात, ग्लोव्ह आणि पकड दिसायला तिसऱ्या बेसची बाजू बरी. पहिले दोन डाव प्लेटमागे, मग तिसऱ्या बेसकडे, असा क्रम सोयीचा पडतो.

पहिल्या डावात फास्टबॉल 94 ते 96. किलोमीटरमध्ये 151 ते 154. क्रिकेटवाल्यांचे डोळे इथे चमकतात, पण आज मेजर लीगमधल्या फास्टबॉलची सरासरीच 94 च्या वर आहे. त्याची स्लायडर 84-85, उशिरा आणि तीक्ष्ण वळणारी. उजव्या बॅटर्सनी तिच्यावर हवेत बॅट फिरवल्या. तीन आले, तीन गेले.

शेजारी टॅम्पाला मुलाकडे आलेले सोलापूरचे एक काका बसले होते, नातवाला घेऊन. तिसऱ्या चेंडूलाच ते म्हणाले, "अहो, हा तर सरळसरळ चकिंग करतोय!" बरोबर आहे, क्रिकेटच्या नियमाने हा नो-बॉलच. बेसबॉलमध्ये कोपर वाकवून सरळ करायला मोकळीक आहे आणि बराचसा वेग तिथूनच येतो. चांगल्या पिचरचं कोपर सेकंदाला 2000 अंशांहून जास्त वेगाने सरळ होतं, खांद्याची आतली फिरकी तर 7000 अंशांच्या घरात. या ओढीने कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणतो आणि तुटतो. त्यावरची शस्त्रक्रिया 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली, म्हणून तिला त्याचंच नाव पडलं. परतायला 12 ते 18 महिने लागतात. काकांनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग अंतर किती?" माउंडवरच्या पट्टीपासून प्लेटपर्यंत 60 फूट 6 इंच. पिचर पुढे झेप घेऊन सोडतो म्हणून प्रत्यक्षात 54 फुटांच्या आसपास. टप्पा नाही, चेंडू 142 ते 149 ग्रॅमचा, म्हणजे आपल्या लेदरच्या चेंडूपेक्षा थोडा हलकाच. नातवाला या सगळ्यापेक्षा हॉट डॉगमध्ये जास्त रस होता.

खरी परीक्षा तिसऱ्या डावात सुरू झाली. डावखुऱ्या बॅटरला चेंडू लांब टाकून वॉक, म्हणजे पहिला बेस फुकट, दिला आणि तिथे धावपटू आला. आता पिचर पूर्ण झोका न घेता आखूड पवित्र्यातून टाकतो. स्टॉपवॉच इथे काढायचं. पिचरचा पुढचा पाय हलला की सुरू, कॅचरच्या, म्हणजे प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्याच्या, ग्लोव्हमध्ये 'थप्' झालं की बंद. 1.3 सेकंद म्हणजे ठीक, 1.2 म्हणजे चपळ, 1.45 च्या पुढे गेलं की धावपटूंना मोकळं रान. कॅचरला दुसऱ्या बेसवर चेंडू पोचवायला दोन सेकंद लागतात, तेव्हा दोन्हींची बेरीज 3.3 च्या आत राहायला हवी. आपल्या पोराचे आकडे 1.48, 1.51, 1.46. धावपटूने दुसऱ्याच चेंडूला बेस चोरला, म्हणजे चेंडू पडत असतानाच पळून पुढचा बेस गाठला. त्यानंतर पोराने घाई केली, 1.29 वर आला, पण फास्टबॉल 92 वर उतरली आणि झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या वैध चौकटीच्या, वर जाऊ लागली. घाईत खालचं धड आधी पुढे गेलं, हात मागे राहिला, चेंडू लवकर सुटला. सिंगल-एमध्ये हे दुखणं घरोघरी आढळतं.

आणि मग चेंजअप. डावखुऱ्या बॅटरला उजव्या पिचरची स्लायडर त्याच्या बॅटकडेच वळत येते, म्हणून त्याच्याविरुद्ध चेंजअप लागते. हाताचा वेग फास्टबॉलचाच, चेंडू मात्र आठ-दहा मैल हळू आणि बाहेर खाली पडणारा. याची चेंजअप 88 ची, फरक जेमतेम सहा-सात मैलांचा. पण खरी गंमत तिसऱ्या बेसच्या बाजूने दिसली. फास्टबॉलच्या वेळी कॅचरची खूण घेऊन त्याचा हात ग्लोव्हमध्ये जातो आणि ग्लोव्ह शांत राहतो. चेंजअपच्या वेळी चेंडू तळहातात खोल बसवण्यासाठी बोटं चाचपडतात आणि ग्लोव्हचं तोंड फुलतं, कपड्याच्या पिशवीत काहीतरी शोधावं तसं. एक सेकंद, फार तर दीड. विरोधी डगआउटमधून हे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार, कारण चौथ्या डावात दोन डावखुऱ्यांनी झोनच्या खाली पडणाऱ्या चेंजअपकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि पुढची फास्टबॉल कुंपणापर्यंत धाडली. डेटामध्ये या चेंजअपचं वळण चांगलंच दिसतं. 'चेंडू चांगला, पण कुणी फसत नाही' हे कोडं तक्त्यापुढे बसून सुटत नाही.

पाचव्या डावात एक बाद झाल्यावर 74 चेंडूंवर त्याला काढलं. तोवर फास्टबॉल 92-93.

गुरुवार : पायरेट सिटी

सामन्यानंतरच्या दिवशी तो टाकत नाही. धावणं, जिम, खांद्याचे हलके व्यायाम. म्हणून सकाळ पायरेट सिटीत घालवली. पायरेट्सचं हे प्रशिक्षण संकुल गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि उन्हाळ्यात इथे अमेरिकेतल्या सगळ्यांत खालच्या पायरीचे, कॉम्प्लेक्स लीगचे सामने होतात. तिकीट नाही, निवेदक नाही आणि सावलीही जवळजवळ नाही. टोपी, दोन लिटर पाणी आणि घडीची खुर्ची लागतेच. खेळाडूंच्या नावांची यादी आदल्या रात्री छापून नेलेली बरी.

भारतीयांना या जागेचं अप्रूप वाटावं असं एक कारण आहे. 2008 मध्ये भारतात झालेल्या वेगवान फेकीच्या टीव्ही स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल पायरेट्सकडे आले आणि 2009 च्या उन्हाळ्यात इथल्याच गल्फ कोस्ट लीग (कॉम्प्लेक्स लीगचं तेव्हाचं नाव) संघाकडून खेळले. रिंकू भालाफेकपटू, डावखुरा, स्पर्धेत 87 मैलांनी टाकलेला. त्याच जुलैत अमेरिकेतला व्यावसायिक सामना जिंकणारा तो पहिला भारतीय पिचर ठरला. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात गेला, ही गोष्ट वेगळी.

कुंपणाशी उभं राहिलं की वजनी चेंडूंचा सराव दिसतो. रबरी गोळे भिंतीवर आपटायचे. हिरवा एक किलोचा, निळा 450 ग्रॅम, लाल 225, पिवळा 150, करडा 100. जड गोळ्यांनी हाताचा मार्ग आखूड आणि नेटका होतो, हलक्यांनी वेग. क्रम जडाकडून हलक्याकडे. 

दुपारी कोर्टेझ या जुन्या कोळीवाड्यात ग्रूपर सँडविच. मासा तळलेला मागू नका, काळ्या मसाल्यात भाजलेला मागा. सोबत धुरावलेल्या मलेट माशाचं वाटण मिळालं तर सोडू नका. मालवणी जिभेला मसाला कमी पडेल, ताजेपणा नाही.

शुक्रवार : बुलपेन

दोन सामन्यांच्या मधे पिचर एकदा बुलपेनमध्ये वीस-तीस चेंडू टाकतो. बहुधा दुपारी, प्रेक्षकांसाठी दार उघडण्याआधीच हे उरकतात, त्यामुळे ते दिसणं नशिबाचा भाग. शुक्रवारी दुपारच्या विजांनी सगळ्यांचं वेळापत्रक तासभर मागे ढकललं आणि पावणेसहाला, दारं उघडल्यावर, आपला पोरगा टाकताना सापडला.

वीसेक चेंडू, त्यातले निम्म्याहून अधिक चेंजअप. प्रशिक्षकाने बदल केला तो साधाच, पण शिकण्यासारखा. प्रत्येक चेंडूआधी ग्लोव्हमध्ये पकड चेंजअपचीच धरायची आणि फास्टबॉल टाकायची असेल तर तिथून बोटं सरकवायची. खोल पकडीतून उथळ पकडीत यायला ग्लोव्ह फुलवावा लागत नाही. उलट दिशेने जाताना लागतो. पहिल्या पाच-सहा चेंडूंत तो विसरत होता, प्रशिक्षक नुसता ग्लोव्हवर टिचकी मारायचा. मग जमलं. एक चेंजअप इतकी छान पडली की कॅचरने चेंडू परत फेकायच्या आधी हसून काहीतरी म्हटलं.

बुलपेनमध्ये जमणं आणि धावपटू बेसवर असताना, पिच-क्लॉक (चेंडू टाकायच्या मुदतीचं घड्याळ) धावत असताना जमणं यांत मात्र अंतर आहे. मेजर लीगमध्ये बेस मोकळे असताना 15 सेकंद आणि धावपटू असताना 18 मिळतात. मायनरमध्ये हे घड्याळ 2022 पासूनच सर्वत्र आलं. तेवढ्यात खूण घ्यायची, पकड बसवायची, धावपटूकडे बघायचं. सवय जुनीच वर येते.

त्या संध्याकाळी प्लेटमागे क्लबचा दुसरा एक पिचर कागदावर चेंडूंची नोंद करत बसला होता. अनेक क्लबांत पुढच्या सामन्याचा पिचर हे काम करतो, तेव्हा 'उद्या कोण' याचं उत्तर तिथेच मिळतं. त्याच्याशी दोन शब्द बोलता आले. पगाराचा विषय त्यानेच काढला. 2023 च्या पहिल्या सामूहिक करारानंतर सिंगल-एचा किमान पगार वर्षाला 26,200 डॉलर झाला आणि राहायची सोय आता क्लब करतात. त्याआधीची मुलं हवाई गाद्यांवर चार-चार जणं झोपायची, हे त्याने ऐकलेलं. प्रश्न विचारताना एवढं पाळा : दुखणं, बढती आणि प्रशिक्षक, या तिन्हींविषयी खेळाडूला विचारू नये. तो खोटं तरी बोलेल नाहीतर अडचणीत तरी येईल.

शनिवार : आकडे आणि क्यूबन सँडविच

सकाळी सनशाइन स्कायवे पूल ओलांडून टॅम्पाच्या ईबोर सिटीत. तिथल्या क्यूबन सँडविचमध्ये सलामी असते, मायामीत नसते, आणि यावरून दोन्ही शहरं हमरीतुमरीवर येतात. सलामीवालं चांगलं लागतं.

उरलेला वेळ डेटा लावून बघण्यात. सॅव्हंटवर बघायच्या गोष्टी मोजक्याच. फास्टबॉलचा 'उठाव', म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा चेंडू किती इंच कमी पडला : 16 सरासरी, 18 च्या पुढे बॅटर चेंडूच्या खालून बॅट फिरवतात. त्याचा 17 होता. चेंडू सुटण्याची उंची प्रत्येक प्रकारासाठी सारखी आहे का : चेंजअप दीड-दोन इंच खालून सुटत होती. ग्लोव्ह आणि हात, दोन्हींकडून चुगली. तिसरं, डावागणिक वेग. सरासरीवर समाधान मानू नका, पहिला आणि शेवटचा डाव वेगळा काढा.

धावांच्या सरासरीकडे, म्हणजे नऊ डावांमागे दिलेल्या धावांकडे, या पायरीवर फार बघू नये. जॅरेड जोन्सने 2021 मध्ये याच ब्रेडेंटनसाठी 66 डावांत 103 जणांना स्ट्राइकआउट केलं, पण धावांची सरासरी साडेचारच्या वर होती. 2024 च्या मार्चअखेर तो पिट्सबर्गसाठी खेळला. पुढच्या वर्षी कोपराची शस्त्रक्रिया झाली, तीही याच शिडीची दुसरी बाजू. उलट पॉल स्कीन्स 2023 मध्ये ब्रेडेंटनवरून पाहुण्यासारखा गेला आणि 11 मे 2024 ला मेजर लीगमध्ये उतरला. असल्यांना बघायला आठवडा काढायची गरज नसते, रडारशिवायही कळतं.

रविवार : अहवाल

दुपारचा सामना, उन्हाचा कडाका. छपराखालचीच जागा घ्या. पोरगा डगआउटच्या कठड्याला टेकून उभा, हातात चेंडू, आणि गप्पा मारता मारता चेंजअपची पकड बसवतोय, सोडतोय, पुन्हा बसवतोय.

अहवाल 20 ते 80 च्या मापावर लिहितात, 50 म्हणजे मेजर लीगची सरासरी. आजचा आणि पुढे होऊ शकेल असा, दोन्ही आकडे द्यायचे. फास्टबॉल 50 आज, 55 पुढे. स्लायडर 50, 55. चेंजअप 35, 50. अचूकता 40, 45. चेंजअपच्या दोन आकड्यांमधलं अंतर मोठं वाटेल, पण वळण आधीच चेंडूत आहे. दुरुस्त करायचं आहे ते चेंडूच्या आधीचं. अचूकतेचं तसं नाही. आखूड पवित्र्यात घाई आणि वेग यांचा मेळ बसला नाही तर हा सुरुवातीचा पिचर न राहता एका डावासाठी येणारा होईल, 97-98 ने टाकेल आणि स्लायडरवर जगेल. त्यातही पोटापाण्याचं भागतं.

पुन्हा ऑगस्टच्या मध्यात बघायचं. तोवर दर सामन्याला सॅव्हंटवर तीन रकाने पुरेत. डावखुऱ्यांना टाकलेल्या चेंजअपचं प्रमाण दहा टक्क्यांवरून वीसकडे सरकतंय का. फास्टबॉल आणि चेंजअप सुटण्याच्या उंचीतला फरक इंचाच्या आत आला का. आणि पहिल्या डावाचा वेग सलग दोन सामने 93 च्या खाली दिसला, तर विमानाचं तिकीट काढायच्या आधी तो जायबंदी यादीत गेला नाही ना, तेवढं बघून घ्यायचं.